कॅन्सर ‘पसरतो’ म्हणजे नेमकं काय होतं? (आणि सुई लावल्याने पसरतो का?)

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ९:४०

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. रुग्ण मला क्वचितच भेटतो, त्याचा काढलेला तुकडा भेटतो. तरी लॅबच्या खिडकीशी कुणी ना कुणी नातेवाईक अडवतोच: “मॅडम, तुकडा काढला, आता ते पसरणार का?” कुणाला गावातल्या वैद्याने सांगितलेलं असतं, कुणाला मामेसासऱ्यांनी. सुरी लागली की भडकतो, हवा लागली की पसरतो. रिपोर्ट हातात घेऊन घाईत उभ्या असलेल्या माणसाला हे दोन वाक्यांत समजावता येत नाही, म्हणून हा धागा. उदाहरण तोंडाच्या कॅन्सरचं घेते. तंबाखू, गुटखा आणि मशेरीच्या कृपेने तो आपल्याकडे गल्लोगल्ली माहीत आहे, आणि माझ्या टेबलावर रोज येतो.

गालाच्या किंवा जिभेच्या अस्तरात पेशींचे थर असतात. सगळ्यांत खालच्या थराखाली एक अतिशय पातळ पडदा असतो. रक्तवाहिन्या, लसिकावाहिन्या (लसिका, म्हणजे लिम्फ नावाचं पातळ द्रव, वाहून नेणाऱ्या), मज्जातंतू, स्नायू हे सगळं त्या पडद्याच्या खाली. बिघडलेल्या पेशी पडद्याच्या वर आहेत तोवर त्या कुठेही जाऊ शकत नाहीत, कारण वर वाहिनीच नाही. रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लेसिया’ किंवा ‘कार्सिनोमा इन सिटू’ लिहिलेलं असतं ते या अवस्थेचं. पेशी पडदा फोडून खाली उतरल्या की मग आम्ही ‘इन्व्हेजिव्ह’ हा शब्द वापरतो.

पडदा फोडायचा तर पेशीला आधी शेजारच्या पेशींपासून सुटावं लागतं. त्यांना एकमेकींना धरून ठेवणारं ई-कॅडहेरिन नावाचं प्रथिन ती कमी करते. मग पडदा आणि खालचे तंतू विरघळवणारी विकरं सोडते. गंमत अशी की जखम भरताना आपल्या निरोगी पेशीही असंच काहीसं करतात, सुटतात, सरकतात, वाट मोकळी करतात. फक्त जखम भरली की थांबतात. कॅन्सरच्या पेशी थांबत नाहीत.

इथून पुढे तोंडाच्या कॅन्सरचा नेहमीचा रस्ता लसिकेचा. लसिकावाहिनीची भिंत पातळ असते, आत रक्तासारखा जोर नसतो. पेशी आत शिरली की वाहत मानेतल्या गाठींत, म्हणजे लिम्फ नोडमध्ये, येऊन अडकते. शस्त्रक्रियेत मानेतली चरबी या गाठींसकट काढतात आणि फॉर्मॅलिनच्या डब्यात तो पिवळट मऊ ऐवज माझ्याकडे येतो. मग बोटांनी चरबी चाचपत एकेक गाठ हुडकायची. काही सेंटिमीटरभर, काही जेमतेम तीन मिलिमीटर. प्रत्येकीचे काप, प्रत्येकीची काच. सूक्ष्मदर्शकाखाली मी आधी गाठीच्या कवचाला लागून असलेली सापट बघते, कारण लसिका आत येते ती तिथून. लहान, निळ्या, एकसारख्या लसिकापेशींच्या गर्दीत मोठ्या, गुलाबी, बेढब पेशींचा एखादा पुंजका दिसला की रिपोर्टमध्ये ०/३२ (बत्तीस गाठींपैकी एकीतही कॅन्सर नाही) चं १/३२ होतं. उघड्या डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पुंजक्याने रुग्णाची स्टेज बदलते.

आता रक्ताचा रस्ता. लोकांना वाटतं एक पेशी रक्तात गेली की संपलं सगळं. तसं असतं तर कॅन्सरचा एकही रुग्ण बरा झाला नसता. उंदीरवर्गातल्या प्राण्यांवर १९७०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत एक ग्रॅम गाठीतून रोज लाखो पेशी रक्तात उतरताना मोजल्या होत्या. आयझाया फिडलर यांनी किरणोत्सर्गी खूण केलेल्या पेशी थेट उंदरांच्या शिरेत टोचल्या, आणि २४ तासांनी त्यांतल्या ०.१ टक्क्यापेक्षाही कमी जिवंत होत्या. रक्ताच्या प्रवाहात त्या फाटतात. केशवाहिनी त्यांच्या आकाराच्या निम्मी, तिथे चेंगरतात. प्रतिकारशक्तीच्या ‘नॅचरल किलर’ पेशी त्यांना गाठतात. ज्या वाचतात त्यांतल्या पुष्कळशा प्लेटलेट अंगावर चिकटवून घेतात आणि त्या आडोशाने तगतात. एकट्या पेशीपेक्षा पाच-दहांचा घोळका जास्त तगतो.

आणि तगलेली पेशी तरी कुठेही वाढते का? लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. यकृतात गाठी भरपूर, प्लीहेत फारच कमी, आणि प्लीहेला रक्त काही कमी मिळत नाही. १८८९ साली त्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की बी चारी दिशांना जातं, पण मानवणारी जमीन मिळाली तरच रुजतं. सव्वाशे वर्षं उलटली, अजून वर्गात हेच शिकवतात.

एवढ्यावर थांबते. सुईचं कुणी विचारेलच.

---

रानवारा | मंगळवार, रात्री १०:०५

वाचतोय. चहा घेऊन बसलो आहे.

---

मी_मिरजकर | मंगळवार, रात्री १०:३१

विचारतोच! काकांच्या जिभेच्या कडेला जखम आहे. दाढेचं टोक लागतं म्हणून मलम लावत बसले, सहा महिने झाले. आता डॉक्टर तुकडा काढू म्हणतात आणि घरात दोन तट पडलेत. आत्याचं म्हणणं, गल्लीतल्या एकाचा तुकडा काढला आणि तो तीन महिन्यांत गेला. तुकडा न काढता नुसत्या स्कॅनवर भागत नाही का?

---

सूक्ष्मदर्शी | मंगळवार, रात्री ११:१०

नाही भागत. स्कॅनमध्ये गाठ दिसते, ती कशाची आहे हे दिसत नाही. तोंडातली जखम तीन आठवड्यांत भरली नाही तर ती दाखवायलाच हवी, आणि तुमचे काका सहा महिन्यांवर आहेत. दाढेचं टोक घासून घ्या, पण त्यासाठी तुकडा लांबवू नका.

आत्याबाईंनी पाहिलं ते खरंच असणार. तो माणूस गेला, आणि तुकडा त्याआधी काढला होता. पण आपल्याकडे तुकडा काढला कधी जातो? गिळता येईना, तोंड उघडेना, मानेत गाठ आली, की मग. त्या दिवसाच्या कितीतरी आधीपासून पेशी आपल्या आपण वाहिन्यांत उतरत असतात, त्यांना आमच्या सुईची वाट बघावी लागत नाही. ‘हवा लागली’चंही असंच. स्कॅन नव्हते तेव्हा पोट उघडल्यावर कळायचं की आत सगळीकडे आहे. सर्जन पुन्हा टाके घालून बंद करायचे, रुग्ण महिन्याभरात जायचा आणि दोष हवेला.

सुईच्या वाटेवर पेशी रुजणं अगदीच अशक्य आहे असं मात्र मी म्हणणार नाही. काही ठिकाणी म्हणूनच वेगळी शिस्त आहे. वृषणाच्या गाठीत बाहेरून सुई घालत नाहीत, जांघेतून छेद देऊन अख्खं वृषण काढतात. अंडाशयातली गाठ सुरुवातीच्या कॅन्सरची वाटत असेल तर ती न फोडता सबंध बाहेर काढतात. हाडाच्या सार्कोमात, म्हणजे मूळ हाडातच झालेल्या कॅन्सरमध्ये, बायोप्सीची वाट अशी आखतात की मोठ्या ऑपरेशनमध्ये ती वाटसुद्धा कापून निघेल. यकृताच्या स्वतःच्या कॅन्सरमध्ये बऱ्याचदा विशिष्ट स्कॅनवरच निदान करून सुई टाळतात. जिभेचा तुकडा यांपैकी कशातच बसत नाही. दहा मिनिटांचं काम आहे, जागा बधिर करून. काकांना घेऊन जा.

---

शंकेखोर | बुधवार, सकाळी ८:१५

डॉक्टरबाई, एक आडवा प्रश्न. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलनेच मध्यंतरी दाखवलं ना, की ऑपरेशनच्या आधी गाठीभोवती बधिरीचं इंजेक्शन दिलं की कॅन्सर परत येण्याचं प्रमाण घटतं? म्हणजे ऑपरेशनने पसरतो हे त्यांनीच मान्य केलं की. मग आत्याबाई बरोबर!

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, दुपारी १:५०

तुमच्याकडून हा प्रश्न येणार याची खात्री होती, आणि तो चांगला आहे.

डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा तो अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या १,६०० स्त्रिया. निम्म्यांना कापायच्या आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, निम्म्यांना नाही. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण लिडोकेन गटात ९०.१ टक्के, दुसऱ्या गटात ८६.४. औषध जुनं आणि स्वस्त, कुठल्याही दवाखान्यात असतं. कल्पना अशी की कापाकापीच्या वेळी गाठीला जो धक्का बसतो त्याने पेशी चाळवू शकतात, त्याला आधीच बांध घालायचा.

पण ऑपरेशन दोन्ही गटांत झालं होतं, हे विसरू नका. लिडोकेन न मिळालेल्यांतल्याही शंभरातल्या ८६ जणी पाच वर्षांनी हयात होत्या. यातून ऑपरेशन आणखी सुधारता येतं एवढं सिद्ध होतं. ते टाळावं असं यातून काढणारा माणूस एक तर अभ्यास वाचत नाही किंवा काढा विकतो.

त्याच गटाचा २०१५चा दुसरा अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. आजार आधीच शरीरभर गेलेल्या ३५० स्त्रिया घेतल्या. निम्म्यांची स्तनातली मूळ गाठ काढली, निम्म्यांची तशीच ठेवली. आयुष्य दोन्हीकडे सारखंच. पसरून बसलेल्या पेशींना मूळ गाठीची गरज उरत नाही, त्या आपल्या जागी स्वतंत्र संसार थाटतात. म्हणून चौथ्या स्टेजला डॉक्टर ऑपरेशनला नाही म्हणाले तर ‘सोडून दिलं’ असं समजू नका, तिथे अंगभर पोचणारं औषधच कामाचं.

---

अबोली_फुले | बुधवार, दुपारी ३:२२

माझ्या वडिलांचं दोन वर्षांपूर्वी जिभेचं ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, मानेत हाताला काहीच लागत नव्हतं, तरी मानेला एवढा मोठा छेद दिला. रिपोर्टमध्ये सगळ्या गाठी स्वच्छ! आता खांदा वर जात नाही, शर्ट घालताना कळवळतात. उगाच मान कापली असं अजूनही वाटतं. सर्जनला विचारलं तर “प्रोटोकॉल आहे” एवढंच. नीट सांगायला काय जातं यांचं?

---

सूक्ष्मदर्शी | बुधवार, संध्याकाळी ७:३५

अबोलीताई, नीट सांगायला हवं होतं, यात दुमत नाही. मी प्रयत्न करते.

जिभेतून लसिका मानेकडे सतत वाहत असते, जिभेच्या हालचालीने ती आणखी ढकलली जाते. म्हणून जिभेची लहान गाठही लवकर मानेत पोचते. आणि मी वर लिहिलं तसा एखादा पुंजका हाताला लागत नाही, सोनोग्राफीत किंवा पेट स्कॅनमध्येही हमखास दिसतोच असं नाही. जगभर सर्जन यावरून भांडत होते: आधीच मान साफ करावी, की गाठ आली तर बघू म्हणावं? उत्तर मुंबईतून आलं. डॉ. अनिल डिक्रूझ यांच्या नेतृत्वाखाली टाटामध्ये सुरुवातीच्या अवस्थेतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या रुग्णांचे दोन गट केले. पाचशे जणांचे निकाल २०१५ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. आधीच मान साफ केलेल्यांत तीन वर्षांनी ८० टक्के हयात, वाट बघितलेल्यांत ६७.५. शंभरातली बारा माणसं, आणि कुठलंही नवं औषध नाही! ज्या आजारात आपण जगाच्या पुढे आहोत (अभिमानाची गोष्ट नव्हे), त्यावरचा जगाने उचललेला निर्णय आपल्या परळमध्ये झाला, हे इथे फार कुणाला ठाऊक नसतं.

गाठी स्वच्छ निघाल्या याचा तुमच्या वडिलांना मोठा फायदा झाला. मानेत शेक (रेडिएशन) द्यायचा की नाही हे ठरवायला तोच आकडा लागतो. गाठीत कॅन्सर असता आणि तो कवच फोडून बाहेरच्या चरबीत आला असता, तर शेकाबरोबर केमोही लागली असती.

खांद्याचं कारण वेगळं आहे. खांदा उचलणाऱ्या स्नायूकडे जाणारा मज्जातंतू नेमका त्या चरबीतून जातो. सर्जन तो जपतात, पण ओढ बसतेच. दोन वर्षं झाली असली तरी फिजिओथेरपिस्टला दाखवा, उपयोग होऊ शकतो.

---

अबोली_फुले | बुधवार, रात्री ८:०२

हे दोन वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर आईने इतका त्रागा केला नसता. फिजिओचं उद्याच विचारते.

---

दूरदेशी | बुधवार, रात्री ११:४८

इकडे न्यू जर्सीत आमच्या ओळखीच्या एका काकूंना स्तनाचा कॅन्सर होता, चौदा वर्षांपूर्वी बऱ्या झाल्या. आता पाठ दुखते म्हणून तपासलं तर मणक्यात निघाला. म्हणजे त्यांना आता हाडाचा कॅन्सर झाला का? आणि इतकी वर्षं तो होता कुठे?

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, सकाळी ६:५५

हाडाचा नव्हे, हाडातला स्तनाचा. मणक्यातला तुकडा काचेवर घेतला तर तिथे स्तनाच्या ग्रंथीसारख्याच पेशी दिसतात. इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला धरणाऱ्या रिसेप्टरचा रंग लावला तर त्या तो रंग धरू शकतात, हाडाच्या कॅन्सरकडून अशी अपेक्षा नसते. औषधही त्याप्रमाणे स्तनाचंच मिळतं. कुणी ‘आधी स्तनाचा झाला, मग हाडाचा, मग फुफ्फुसाचा’ असं सांगतं तेव्हा बहुतेक वेळा तो एकच आजार असतो.

इतकी वर्षं कुठे होता? बहुधा अस्थिमज्जेत, निपचित. तिथे पोचलेल्या पेशी कधीकधी विभाजनच थांबवतात. केमो मुख्यतः विभागणाऱ्या पेशींना मारते, झोपलेल्यांना तिचा फारसा उपद्रव होत नाही. दुसरा अडथळा रक्तपुरवठ्याचा. नव्या केशवाहिन्या ओढून घेतल्याशिवाय गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाही, हे जूडा फोकमन यांनी १९७१ साली मांडलं. त्या पेशी जाग्या का होतात हे आज जगात सगळ्यांत जास्त शोधलं जाणारं कोडं असेल. इस्ट्रोजेनवर पोसणाऱ्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये पाच-पाच, दहा-दहा वर्षं गोळ्या चालू ठेवतात त्या याच पेशींसाठी. “आता तर बरी आहे” म्हणून बायका त्या मधेच सोडतात. सोडू नका हो.

कुठला कॅन्सर कुठे जातो यात थोडी नळजोडणीही आहे. आतड्याचं रक्त आधी यकृतात जातं, म्हणून आतड्याच्या कॅन्सरच्या गाठी यकृतात. प्रोस्टेटजवळच्या शिरांचं जाळं थेट मणक्याच्या शिरांना जोडलेलं आहे. आजोबांची कंबर बरेच दिवस दुखत असेल तर तेही डोक्यात ठेवा.

---

निशाचर_परिचारिका | गुरुवार, पहाटेची ड्यूटी संपवून, सकाळी ९:१०

वॉर्डात आणखी एक ऐकते. अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये पोटात पाणी होतं, बाईला श्वास घेता येत नाही, आणि घरचे पाणी काढू देत नाहीत. पाणी काढलं की अंगभर पसरतं म्हणे. बाई रात्रभर बसून काढते.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, दुपारी २:२०

फार बरं झालं लिहिलंत. त्या पाण्यात कॅन्सरच्या पेशी बहुतेक वेळा असतातच, अंडाशयाचा आजार मुळात गळून पोटाच्या पोकळीतच पसरतो. यावर जवळजवळ प्रयोगच म्हणावा असा पुरावा आहे. पूर्वी काही रुग्णांच्या पोटातलं पाणी बाहेर न काढता बारीक नळीने थेट मानेच्या मोठ्या शिरेत सोडत, त्यांना मोकळा श्वास घेता यावा म्हणून. म्हणजे जिवंत कॅन्सरपेशी रोज रक्तात ओतल्या जात होत्या, महिनोन् महिने. डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी १९८४ साली अशा रुग्णांची शवविच्छेदनं प्रसिद्ध केली. कित्येकांच्या फुफ्फुसांत वा इतर अवयवांत नवी गाठ नव्हती, आणि जिथे होत्या तिथे बहुतेक इवल्याशा. रक्तात पेशींची अशी धार लावूनही इतकंच होतं, तर पोटातलं पाणी पिशवीत काढल्याने काय पसरणार? बाईला रात्री आडवं होऊन झोपता येईल, एवढंच होईल.

---

गुरांचा_डॉक्टर | गुरुवार, रात्री ९:३०

थोडं अवांतर. माणसाचा कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही, पण आमच्याकडे कुत्र्यांत होतो! भटक्या कुत्र्यांच्या जननेंद्रियावर लाल, फुलकोबीसारखी रक्ताळलेली गाठ दिसते ना, तो समागमातून, चाटण्यातून पसरतो. तिथे विषाणू नसतो, कॅन्सरची जिवंत पेशीच एका कुत्र्यातून दुसऱ्यात जाऊन रुजते. हजारो वर्षांपूर्वीच्या एकाच कुत्र्याच्या पेशी अजून जगभर फिरताहेत. व्हिन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाच्या काही इंजेक्शनांनी बहुतेक बरीही होतात. टास्मानियात डेव्हिल नावाच्या प्राण्यात असाच एक चावण्यातून पसरतो, तो मात्र जीवघेणा.

---

सूक्ष्मदर्शी | गुरुवार, रात्री १०:०५

वा! अवांतर असलं तरी झकास. माणसांत शरीर परक्याची पेशी ओळखून हाकलते, त्यामुळे रुग्णाचं ताट, कपडे, अंथरूण वेगळं ठेवायचं काही कारण नाही. एचपीव्ही आणि हिपॅटायटिस बी हे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात आणि पुढे त्यांतून कॅन्सर होऊ शकतो, पण त्या दोन्हींवर लस आहे.

---

शंकेखोर | शुक्रवार, सकाळी ८:४०

शेवटची शंका. पेट स्कॅनमध्ये साखर टोचतात आणि कॅन्सर चमकतो. मग साखर बंद केली की उपाशी मरेल ना? आणि चौथी स्टेज म्हणजे खेळ खलास, हे तरी खरं का?

---

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, दुपारी १:१५

साखर: तुम्ही खाल्ली नाहीत तर यकृत तयार करतं, मेंदूला ती लागतेच. कॅन्सर उपाशी राहत नाही, रुग्ण मात्र वाळतो, आणि वाळलेल्या रुग्णाला केमो झेपत नाही. आणि चमकतं ते सगळं कॅन्सर नसतं. क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये तितकीच चमकू शकते, आपल्या देशात तर हे वरचेवर दिसतं. ‘सगळीकडे पसरलाय’ म्हणून रडत आलेल्यांच्या तुकड्यात मला क्षय सापडलेला आहे. पुन्हा तुकडाच.

चौथी स्टेज: कुठला कॅन्सर, यावर आहे. सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँगचा वृषणाचा कॅन्सर १९९६ साली फुफ्फुसांत आणि मेंदूत पोचला होता, तो बरा झाला (पुढची डोपिंगची भानगड वेगळी). थायरॉइडच्या काही कॅन्सरमध्ये फुफ्फुसात गाठी असूनही किरणोत्सर्गी आयोडीनवर माणसं वर्षानुवर्षं जगतात. आतड्याच्या कॅन्सरच्या यकृतातल्या मोजक्या गाठी कापून काढता येतात. स्वादुपिंडाचा पसरला तर अजूनही फारसं काही हातात नाही, तिथे खोटा धीर मी देणार नाही.

---

मी_मिरजकर | शुक्रवार, रात्री ९:२५

काकांचा तुकडा काल काढला. रिपोर्ट आला की इथे फोटो टाकतो, बघाल का?

---

सूक्ष्मदर्शी | शुक्रवार, रात्री ९:५०

फोटो इथे नको, त्यावर नाव, वय, फोन सगळं असतं. नाव झाकून व्यनि (खासगी निरोप) करा. आणि रिपोर्टमध्ये ‘इन्व्हेजिव्ह’ शब्द आला तर स्कॅन करून थेट मुख-कॅन्सरच्या सर्जनकडे जा, मधे कुणाचाही काढा नको. तंबाखू चालू असेल तर तीही आजच्या आज बंद करायला लावा.